आत्याच्या भिंतीवरची कॅथरीन: हे छापचित्र खरंच १६६२ सालचं असेल का?

वाडीतली मेधा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझी आत्या गिरगावातल्या एका शाळेत पस्तीस वर्षं इतिहास शिकवायची. गेल्या दिवाळीनंतर ती गेली आणि तिची खोली आवरायचं काम माझ्याकडे आलं. साड्या, भांडी, पुस्तकं ज्याची त्याला दिली. राहिली ती दारासमोरच्या भिंतीवरची एक तसबीर. सागवानी चौकट, काचेआड पिवळा पडलेला कागद आणि त्यावर काळ्या शाईतली एक बाई. आत्या म्हणायची, "ही ब्रागान्झाची कॅथरीन, पोर्तुगालची राजकन्या. इंग्लंडच्या राजाशी हिचं लग्न झालं, त्यात आपली मुंबई आंदण गेली." दरवर्षी तो धडा आला की ती तसबीर उतरवायची, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून शाळेत न्यायची आणि बाकांवरून फिरवायची. "काचेला बोटं लावू नका रे" हे तिचं वाक्य मला अजून ऐकू येतं, कारण मीही त्याच वर्गात होते.

आता चित्राबद्दल. बाई तरुण आहे. पुढचे केस कपाळावरून एका बाजूला ओढून घेतलेत आणि कानांशी दोन्हीकडे असे फुलवलेत की चेहऱ्यापेक्षा केसच रुंद दिसतात. खांद्यावर लेस. कंबरेखाली घागरा दोन्ही बाजूंना आडवा पसरलेला, जणू आत टोपली बांधली आहे. मान ताठ, तोंड मिटलेलं. खाली काहीतरी लिहिलेलं होतं, पण ज्याने कुणी तसबीर बांधली त्याने चौकटीत बसावी म्हणून कागद खालून कापला. एका ओळीतल्या अक्षरांचे फक्त शेंडे उरलेत.

मामेभावाकडे जुनं इंग्रजी पुस्तक आहे, त्यातही कॅथरीनचं चित्र आहे. ते पाहिलं आणि गोंधळले. तिथे मोकळ्या बटा, खांद्यावरून घसरणारं रेशीम, झोपाळलेले डोळे. या दोघी एक आहेत हे मला काही केल्या पटत नाही.

मध्यंतरी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात तसबीर दाखवली. दुकानदाराने उलटसुलट करून पाहिली, "साडेतीनशे वर्षांपूर्वीचा अस्सल माल आहे" म्हणाला आणि लगेच रोख रक्कमही सांगितली. मी तसबीर घेऊन परत आले. विकायची नाहीच आहे. पण मला कळायला हवंय: हे चित्र खरंच तेव्हाचं आहे का? आणि दोन चेहऱ्यांपैकी तिचा खरा कोणता? आत्या असती तर तिलाच विचारलं असतं.

कोरणीवाली

मेधाताई, तुमच्या आत्यांनी ती तसबीर बाकांवरून फिरवली हे वाचून फार बरं वाटलं. छापचित्र असंच हातात घेऊन बघायचं असतं.

मी स्वतः प्रिंटमेकर. मुंबईत शिकले, तांब्यावर कोरणी चालवायला तिथेच हात बसला. गेली बारा वर्षं लंडनमध्ये आहे. इथे ब्रिटिश म्युझियममध्ये छापचित्रांची अभ्यासिका आहे. आधी वेळ ठरवून गेलं की तुम्ही मागाल ते चित्र पेटीतून काढून टेबलावर ठेवतात. महिन्यातून एकदा तरी मी तिथे जाऊन बसते. त्यामुळे तुमच्या बाईंना मी चांगली ओळखते.

तुम्ही केलेलं वर्णन बघता मूळ चित्र विल्यम फेथॉर्नचं असणार. १६६२ साली त्याने कॅथरीनचं चित्र तांब्यावर कोरलं. त्याच्यासमोर डर्क स्टूप या डच चित्रकाराचं काम होतं. स्टूप लिस्बनला पोर्तुगीज दरबारात होता आणि कॅथरीन इंग्लंडला निघाली तेव्हा तोही तिच्या मागोमाग आला. म्हणजे त्याने तिला माहेरी पाहिलं होतं, तिच्या रोजच्या वेषात. हा मुद्दा लक्षात ठेवा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

आधी पहिला प्रश्न, तुमच्या हातातला कागद कोणत्या काळातला. फोटो टाकलात तरी मी इथून सांगू शकणार नाही. तुम्हालाच बघावं लागेल. तसबीर मागून उघडा, पण घाई करू नका. जुने खिळे वाकवून काढा, उपटू नका. कागद सुटा झाला की खिडकीसमोर धरून मागून उजेड येऊ द्या. त्या काळचा कागद तारेच्या चाळणीवर हाताने उचललेला असायचा. उजेडात त्यात बारीक आडव्या रेघा दिसतात आणि बोट-दीड बोटाच्या अंतरावर जाड उभ्या रेघा. मधे कुठे कागदवाल्याची खूणही सापडते. सपाट, एकसारखा, रेघा नसलेला कागद अठराव्या शतकाच्या मध्यानंतरचा.

मग भिंग घ्या, टपाल तिकिटं बघायचं असतं तसं. गालावर लावा. तांब्यावर कोरलेलं असेल तर प्रत्येक रेघ कुठेतरी बारीक सुरू होते, मधे जाड होते आणि पुन्हा बारीक होत संपते, कारण कोरणी धातूत शिरते, खोल जाते आणि बाहेर येते. शाई कागदावर किंचित उठून असते, बोटाच्या टोकाला कधीकधी जाणवतेही. आणि जर एकाच मापाचे ठिपके ओळीने मांडलेले दिसले, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे, तर तो फोटोवरून केलेला छाप. ते तंत्र १८८० नंतरचं.

तिसरी खूण म्हणजे पाटीचा दाब. ओल्या कागदावर तांब्याची पाटी प्रेसमधून जाते तेव्हा कडेने चौकोनी खळगा उठतो. पण तुमचा कागद कापलेला आहे, त्यामुळे दाब दिसला नाही तरी निराश होऊ नका. लोक पूर्वीपासूनच ही चित्रं कडेपर्यंत कापून वह्यांत चिकटवायचे. एवढं मात्र सांगते, कापलेल्या खालच्या पट्टीबद्दल मला मनापासून वाईट वाटलं. चित्र कुणी रंगवलं, कुणी कोरलं, कुणाच्या दुकानात मिळेल, हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं.

आता चेहरा.

कॅथरीन १४ मे १६६२ ला पोर्ट्समथला उतरली आणि २१ तारखेला तिथेच राजा दुसरा चार्ल्स याच्याशी लग्न लागलं. वय २३. मठातल्या शिस्तीत वाढलेली, इंग्रजी येत नाही. ३० मे ला जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकाने तिला पाहिलं आणि रोजनिशीत जे लिहिलं ते वाचून मला आजही तिच्यासाठी अवघडल्यासारखं होतं. तिच्यासोबतच्या पोर्तुगीज बायकांचे पसरट घागरे त्याला राक्षसी वाटले, त्यांचा रंग सावळा वाटला, राणीच्या कपाळावरच्या केसांची वळणं विचित्र वाटली. डोळे सुंदर म्हणतो, बांधा नीटस म्हणतो, आणि वरचे दात जरा पुढे येतात म्हणून तोंड बिघडलं असंही नोंदवून ठेवतो. नवी सून उंबऱ्यात उभी आहे आणि सगळं गाव तिचे दात बघतंय, तसं.

आता तुमची तसबीर बघा. तोंड मिटलेलं आहे. फेथॉर्नने दात दाखवले नाहीत. पण केस आणि घागरा, ज्यांवर लंडन हसत होतं, ते त्याने जसेच्या तसे ठेवले. लेसचा एकेक फासा कोरला. लेस कोरणं किती जिकिरीचं असतं ते हात लावल्याशिवाय कळत नाही. तांब्यावर कोरलेली रेघ काळी छापते आणि लेस तर पांढरी. म्हणजे धागा कोरायचाच नाही, धाग्यामधली भोकं कोरायची. एकेक भोक. आणि सगळं उलटं, कारण छापल्यावर डावं उजवीकडे जातं.

पुढे तिने इंग्रजी वेष धरला. तुमच्या मामेभावाच्या पुस्तकातली बाई ती, इंग्लंडमध्ये राणी झाल्यानंतरची. माझं मत विचाराल तर आत्यांच्या भिंतीवरची कॅथरीन खऱ्या कॅथरीनच्या जवळची आहे. ती अवघडलेली दिसते, कारण ती तशीच होती आणि ज्याने काढली त्याने तिला सुधारायची खटपट केली नाही.

कागद बघून कळवा. मी वाट बघतेय.

अंजदीव

मेधाताई, चित्रातलं मला काही कळत नाही, पण आंदणाचं सांगतो. मी मडगावचा. टोपणनाव त्याच प्रकरणातल्या बेटावरून घेतलंय.

करार २३ जून १६६१ चा. त्यात उत्तर आफ्रिकेतलं टँजियर होतं, मुंबईचं बेट आणि बंदर होतं आणि वीस लाख क्रुझादो, म्हणजे पोर्तुगीज नाणी, रोख. रोख पुरी कधीच मिळाली नाही. मुंबईही लगेच मिळाली नाही. इंग्रज अधिकारी अब्राहम शिपमन फौज घेऊन आला तर गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो ताबा देईना. फौजेला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसावं लागलं. पाऊस, ताप, अन्नाचे हाल. माणसं पटापट मेली. शिपमनही तिथेच १६६४ साली गेला. शेवटी त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा घेतला. म्हणजे तुमच्या तसबिरीतली बाई राणी होऊन जवळजवळ तीन वर्षं झाली तरी आंदण पोचलं नव्हतं. १६६८ साली राजा चार्ल्सने मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

आमच्याकडे लहानपणी बेट दाखवताना आजोबा फक्त देवीची आणि पोर्तुगीज किल्ल्याची गोष्ट सांगायचे. तिथे मेलेल्या त्या इंग्रज पोरांची कुणी सांगितली नाही. एका लग्नाच्या यादीतला एक शब्द, त्यापायी किती जण गेले. कॅथरीनला यातलं किती कळलं असेल?

सौमित्र ठाणे

कोरणीताई, छान लिहिलंत. दोन शंका. एक, त्या काळच्या इंग्रज दरबारातल्या सगळ्या बायका मला एकाच आईच्या पोरी वाटतात. तेच जड डोळे, तेच ओठ. हे छापणाऱ्याने केलं की रंगवणाऱ्याने? दोन, असली चित्रं विकत घ्यायचं कोण? राजघराण्यातल्या बाईचं चित्र सामान्य माणसाच्या घरी कसं पोचायचं?

कोरणीवाली

सौमित्रदादा, दुसरी शंका आधी घेते, कारण ती माझ्या आवडीची आहे.

फेथॉर्नचं दुकान लंडनमध्ये टेम्पल बारजवळ होतं. हा माणूस इंग्लंडच्या यादवीत राजाच्या बाजूने लढला, १६४५ मध्ये राजपक्षाचं ठाणं बेझिंग हाउस पडलं तेव्हा पकडला गेला, पुढे फ्रान्सला गेला आणि तिथे रोबेर नांतेल या फ्रेंच कोरणाऱ्याच्या हाताखाली चेहरे कोरायला शिकला. तर ७ नोव्हेंबर १६६६ ला सॅम्युएल पेपीस त्याच्या दुकानात गेला. पेपीस आरमाराच्या कचेरीतला अधिकारी, शिंप्याचा मुलगा. हिवाळ्यात बायकोला ज्यांवरून चित्रकलेचा सराव करता येईल असे काही छाप घ्यायला तो गेला होता. तिथे त्याला राजाची प्रेयसी लेडी कॅसलमेन, म्हणजे बार्बरा व्हिलियर्स, हिचं लाल खडू आणि इतर रंगांतलं चित्र दिसलं. दरबारचा चित्रकार पीटर लेली याच्या तैलचित्रावरून फेथॉर्नने ते स्वतः काढलं होतं आणि त्यावरून पाटी कोरत होता. पेपीसला ते इतकं आवडलं की तिथल्या तिथे विकत मागितलं. फेथॉर्न म्हणाला, आत्ता नाही, पाटी दुरुस्त करायला ते मला जवळ लागेल, काम झालं की देतो.

हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले, कारण माझ्या टेबलावरही असंच होतं. पाटीचा पहिला छाप काढायचा, मूळ चित्राशेजारी धरायचा, कुठे सावली कमी पडली ते बघायचं, पुन्हा कोरणी घ्यायची. साडेतीनशे वर्षांत यात काही बदललेलं नाही.

१ डिसेंबरला पेपीस परत गेला. त्याच दिवशी छापलेले बार्बराचे तीन छाप त्याने घेतले. हा माणूस तिला उद्यानात, नाटकगृहात लांबून बघायचा आणि वेडावून जायचा. आता ती त्याच्या घरी. तैलचित्र राजवाड्यात, पण कागद कुणाच्याही हातात. सप्टेंबरात लंडन जळून गेलेलं, अर्ध्या शहराची राख झालेली, आणि तरी त्या डिसेंबरात राजाच्या प्रेयसीचा चेहरा दुकानात विकला जात होता, घेणारे घेत होते.

यात मला एक गोष्ट टोचते. बार्बराचं नाव राणीच्या खास सख्यांच्या यादीत घातलं तेव्हा कॅथरीनने ते स्वतः खोडलं होतं. नवी आलेली, भाषा न येणारी मुलगी, पण तेवढं तिने केलं. राजाने ते चालू दिलं नाही आणि शेवटी तिलाच नमतं घ्यावं लागलं. आणि या दोघींचे चेहरे कोरले एकाच माणसाने, चार वर्षांच्या अंतराने. अभ्यासिकेत मी एकदा दोन्ही चित्रं मागवून शेजारी शेजारी ठेवली होती. बार्बराच्या गालावर भिंग धरलं की रेघा विरत विरत ठिपके होतात, आणि ते ठिपकेही इतके विरळ होतात की कागदच कातडीसारखा दिसायला लागतो. चार वर्षांत फेथॉर्नचा हात मऊ झाला, की समोर लेलीचं चित्र होतं म्हणून झाला? मला वाटतं दुसरं. कोरणारा जे समोर ठेवलं जातं त्याचीच चाल धरतो.

तुमची पहिली शंका त्यातच सुटते. जड डोळे लेलीचे. राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याची बायको ॲन हाइड हिने १६६० च्या दशकात दरबारातल्या देखण्या बायकांची एक मालिका लेलीकडून रंगवून घेतली. आज ती चित्रं हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात आहेत. खोलीत उभं राहिलं की खरंच बहिणी-बहिणी वाटतात. लेलीच्या हयातीतच लोक तक्रार करायचे की सुंदर काढतो पण सारखं काढत नाही. मग ते छापून हजारो हातांत गेलं आणि 'दरबारातली स्त्री अशी दिसते' हेच पक्कं झालं. कॅथरीनला लेलीनेही रंगवलं, तेव्हा तिलाही त्याच साच्यात बसावं लागलं. मेधाताईंच्या मामेभावाच्या पुस्तकातली ती, ती अशी तयार झाली.

या मऊपणाला साजेसं तंत्रही तेव्हाच हाताशी आलं. मेझोटिंट. आधी अर्धगोल, दातेरी धारेचं हत्यार, त्याला आम्ही रॉकर म्हणतो, ते पाटीवर सगळ्या दिशांनी झुलवत न्यायचं. पाळणा हलवावा तसं, दिवसच्या दिवस. सगळी पाटी खरखरीत होते. तशीच छापली तर मखमलीसारखा गच्च काळा. मग चेहरा जिथे उजळ हवा तिथे घासून घासून गुळगुळीत करायचा. म्हणजे रेघ नाहीच. अंधारातून चेहरा वर काढायचा. रेशीम, केस, मान यांना यासारखं दुसरं काही नाही. पण खरखर दाबाने लवकर बसते, चांगले छाप शे-दोनशेच्या पुढे जाणं अवघड. नंतरचे राखाडी, थकलेले.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. या तंत्राचं पहिलं चित्र कुणा देखण्या प्रेयसीचं नाही. १६४२ साली लुडविग फॉन सीगनने ते केलं, जर्मनीतल्या हेसे-कासेलच्या आमेली एलिझाबेथचं. ती विधवा होती, तीस वर्षांचं युद्ध चालू असताना लहान मुलाच्या वतीने राज्य सांभाळत होती. चित्रात ती मुळीच लाडिक दिसत नाही. करारी, भरल्या चेहऱ्याची, कामाच्या गडबडीतली बाई दिसते. पुढच्याच वर्षी सीगनने बोहेमियाची राणी एलिझाबेथ केली, जिचं राज्य गेलं होतं. तिचाच मुलगा रूपर्ट पुढे हे तंत्र शिकला आणि राजघराण्यांच्या त्या गोतावळ्यातून ते इंग्लंडला पोचलं. एव्हलिनने ते जाहीरपणे पुस्तकात सांगितलं तेही १६६२ मध्येच, कॅथरीन उतरली त्याच वर्षी. १६७०-८० च्या सुमारास अलेक्झांडर ब्राउन आणि रिचर्ड टॉम्प्सन लेलीच्या बायकांचे मेझोटिंट छापून विकू लागले आणि तुम्ही म्हणता तशा एकाच आईच्या पोरी घरोघरी गेल्या.

फार लांबलं. पण आमेली एलिझाबेथ कुणी बघितली नसेल तर शोधून बघाच.

सौमित्र ठाणे

बघितली. रात्री साडेबाराला. शाळेत आमच्या मुख्याध्यापिका होत्या, अगदी त्याच. धन्यवाद, ताई.

आणि मेधाताई, आपल्याकडेही चेहऱ्यांचा हा घोळ झालाच आहे की. कितीतरी वर्षं भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी ते दाखवून दिलं. त्यामुळे तुम्ही विचारताय तो प्रश्न अगदी योग्य आहे.

वाडीतली मेधा

आज उघडली. हात थरथरत होते म्हणून शेजारच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी चिमट्याने एकेक खिळा सरळ करून काढला. बारा खिळे, सगळे गंजलेले. मागे पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या आत १९५८ सालच्या वर्तमानपत्राचा तुकडा, आणि मग कागद.

खिडकीशी धरला. रेघा नाहीत. सपाट, गुळगुळीत, किंचित चकाकी असलेला. मग मुलाचं तिकिटांचं भिंग गालावर ठेवलं. ठिपके. ओळीने, एकसारखे, वर्तमानपत्रासारखेच. लेसवर पण ठिपके, डोळ्यात पण ठिपके. डाव्या कडेला कागद जरा ओबडधोबड फाटलेला आहे, पुस्तकाच्या शिवणीतून काढल्यासारखा. तेव्हा ते १६६२ सालचं नाही. कुठल्यातरी पुस्तकातलं पान आहे, फेथॉर्नच्या चित्राचा फोटो काढून छापलेलं. तो दुकानदार मला अस्सल म्हणून का सांगत होता ते आता त्याचं त्याला ठाऊक.

दोन मिनिटं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आत्याला हे माहीत होतं का, याचा विचार करत बसले.

मग कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने आत्याचं अक्षर. बारीक, उजवीकडे झुकलेलं, फळ्यावर असायचं तसंच. वर "पुस्तकातील चित्राची प्रत" असं लिहून खाली रेघ मारलेली. म्हणजे माहीत होतं तिला. त्याखाली सनावळ्या: १६६१ करार, १६६२ लग्न, १६६५ ताबा, १६६८ कंपनी. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पेन्सिलीने, बहुतेक नंतर कधीतरी:

"वय २३. भाषा येत नव्हती. मुलांना हे आधी सांगणे, मुंबई नंतर."

आम्हाला तिने तसंच सांगितलं होतं. मी विसरले होते. पहिल्या दिवशी तिने मुंबईचं नावच काढलं नव्हतं. तसबीर फिरवली होती आणि विचारलं होतं, परक्या गावात, जिथे तुमची भाषा कुणाला येत नाही, तिथे एकटं जायचं झालं तर सोबत काय न्याल? कुणी म्हणालं आई, कुणी म्हणालं लोणचं. मी काय म्हणाले ते आठवत नाही.

कोरणीताई, अंजदीवदादा, सौमित्र, तुमचे आभार कसे मानू. आता एकच विचारते. हे परत चौकटीत कसं घालू? पुठ्ठा तर भुगा झालाय, आणि मागचं अक्षर आता मला पुन्हा झाकायचं नाही.

कोरणीवाली

मेधाताई, तुमचा निरोप मी दोनदा वाचला.

पुठ्ठा फेकून द्या, त्याच्यातल्या आम्लानेच कागद पिवळा झालाय. वर्तमानपत्राचा तुकडा वेगळा ठेवा, कागदाला लागू देऊ नका. कागद संवर्धन करणाऱ्याकडून आम्लरहित माउंट बोर्ड घ्या आणि खिडकी कापलेले दोन तुकडे करून घ्या, एक पुढे, एक मागे, म्हणजे दोन्ही बाजू दिसतील. चिकटपट्टी अजिबात नको, कुठलीच. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावलेल्या. पाणी लावलं की त्या सुटतात. चौकटीला पुढून-मागून काच, आणि काच कागदाला टेकणार नाही एवढी फट. पेन्सिल शाईसारखी उडत नाही पण घासली की जाते, तेव्हा मागच्या बाजूवरून हात फिरवू नका, ब्रशही नको. भिंतीवर लावणार असाल तर उन्हासमोरची भिंत टाळा.

सागवानी चौकट तीच ठेवा. सुतारकाकांना सांगा, मागची खाच दोन सूत खोल केली की दुसरी काच बसेल.